घरगुती चॉकलेटच्या वड्या : चॉकलेटची निवड व तें वितळविण्याची रीत

दिवाळी व नाताळ या सणांत घरीं चॉकलेटच्या वड्या करण्याची हौस आतां शहरांपुरती राहिलेली नाहीं. तालुक्याच्या बाजारांतहि चॉकलेटच्या लाद्या व वड्या पाडण्याचे सांचे मिळूं लागले आहेत. घरचे काजू अगर शेंगदाणे असतां विकतचा महाग डबा आणण्यापेक्षां घरीं वड्या करणें फायद्याचें, हें कोणासहि पटेल. परंतु माल कोणता घ्यावा व तो कसा वितळवावा, याची नीट माहिती नसल्यास पैसे व श्रम दोन्ही फुकट जातात. प्रस्तुत लेखकानें हा अनुभव स्वतःच्या घरीं घेतला आहे.

पहिल्या वर्षीं आम्हीं स्वस्तांतली लादी आणली. ती वाफेवर वितळवून सांच्यांत ओतली व वड्या उत्तम निघाल्या. दुसऱ्या वर्षीं पाहुण्यांसाठीं म्हणून जवळजवळ दुप्पट दाम देऊन उंची चॉकलेट आणलें, रीत तीच ठेवली, आणि वड्या सांच्याला चिकटून बसल्या. ज्या निघाल्या त्यांवर दुसऱ्या दिवशीं राखेसारखे पांढुरके पट्टे उमटले. दुकानदाराशीं भांडण्याची आमची तयारी झाली होती! पुढें कळलें कीं, माल चोख होता. रीत चुकली होती.

याचें कारण चॉकलेटमधील स्निग्धांशांत आहे. कोकोच्या बियांच्या मगजांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यास कोको बटर म्हणतात. हॉलंडमधील व्हान हौटन यानें १८२८ सालीं दाबयंत्रानें हा स्निग्धांश निराळा काढण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें, आणि १८४७ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यानें कोकोची पूड व साखर यांत तो मिसळून खाण्याची घट्ट वडी बनविली. कोको बटर सुमारें ३४ अंश सेल्सिअसला वितळतें. म्हणून खरें चॉकलेट हातांत घट्ट राहून जिभेवर विरघळतें. परंतु हा पदार्थ महाग पडतो. यास्तव स्वस्त लादींत तो न घालतां पाम-बियांच्या तेलासारखें घट्ट केलेलें वनस्पतिज तेल घालतात. अशा मालास बाजारांत कंपाऊंड म्हणतात.

तेव्हां खरेदीच्या वेळीं पुढच्या बाजूचें चित्र न पाहतां मागील घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें दिलेले असतात. कोको बटर हेंच नांव असेल तर माल खरा. हायड्रोजनेटेड वनस्पतिज तेल वरच्या क्रमांकावर असेल तर तें कंपाऊंड. कंपाऊंड म्हणजे खोटा माल असें आमचें म्हणणें नाहीं. मुलांच्या वाढदिवसास व उकाड्याच्या दिवसांत तेंच सोयीचें. मात्र त्यासाठीं खऱ्याची किंमत देऊं नये. २०२४ सालीं न्यूयॉर्कच्या बाजारांत कोकोचा भाव टनास दहा हजार डॉलरांवर गेला होता. अशा वेळीं लाद्यांतील कोको बटर कमी होण्याचा संभव वाढतो, म्हणून यादी दरवेळीं नव्यानें वाचलेली बरी. बिस्किटांत घालण्याच्या बारीक चकत्या वड्यांसाठीं घेऊं नयेत. भट्टींत आकार टिकावा म्हणून त्यांत स्निग्धांश कमी ठेवतात, व त्या वितळल्यावर दाट राहतात.

(जातां जातां : शेजारच्या कर्नाटकांत सुपारी व कोको पिकविणाऱ्यांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेनें १९८६ सालीं पुत्तूर येथें स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. नारळी-पोफळीच्या सावलींत कोको येतो, हें आमच्या कोंकणांतील बागाईतदारांनीं ध्यानांत घ्यावें.)

आतां वितळविण्याविषयीं. चॉकलेट हरभऱ्याएवढें चिरावें. पातेल्यांत दोन बोटें पाणी तापवून आंच अगदीं मंद करावी व वर कोरडें भांडें असें बसवावें कीं, त्याचा तळ पाण्यास लागणार नाहीं. झांकण ठेवूं नये. त्यावरची वाफ थेंब होऊन आंत पडते. लांकडी पळीहि ओल धरून ठेवते, ती टाळावी. चार थेंब पाणी पडलें तरी साखर व कोकोचे कण एकमेकांस चिकटून सर्वाचा खरखरीत गोळा होतो. असें झाल्यास फेंकूं नये. चमचा चमचा ऊन दूध घालून घोटल्यास तें पुनः गुळगुळीत होतें, पण त्याच्या वड्या पडत नाहींत, पोळीबरोबर खाण्याजोगा रस होतो.

कंपाऊंडचें काम एवढ्यावर संपतें. खऱ्या चॉकलेटचें खरें काम येथून पुढें सुरू होतें. कोको बटर निवतांना त्याचे निरनिराळ्या प्रकारचे कण बनूं शकतात. त्यांतील एकाच प्रकारानें वडीस चकाकी व कटकन मोडण्याचा गुण येतो. विकत आणलेल्या लादींत हे कण तयारच असतात, पण पूर्ण वितळल्यावर ते नाहींसे होतात. म्हणून दुधास विरजण लावतात तसें येथें करावें. एकंदर मालापैकीं पाव हिस्सा चिरून बाजूस ठेवावा. उरलेलें डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून वितळवावें, भांडें खालीं घेऊन पुसावें, आणि राखलेला चुरा थोडा थोडा घालीत ३१-३२ अंशांवर येईतों ढवळावें. मिल्क चॉकलेट ४५ अंशांवर नेऊं नये, त्यांतील दूध करपतें. तें २९-३० अंशांवर आणावें. थर्मामीटर नसल्यास ओठाखालीं थेंब लावावा. तो किंचित् गार लागला पाहिजे. सुरीचें टोंक बुडवून बाजूस ठेवावें. पांच मिनिटांत चकाकी येऊन घट्ट झालें तर सांचे भरावे. न झाल्यास आणखी चुरा घालून ढवळावें.

काजू, शेंगदाणे कोरडे भाजून पूर्ण निवल्यावरच घालावे. हें काम देशावर मार्गशीर्षाच्या पहाटे अप्रतिम साधतें. कोंकणांत दिवाळीच्या उष्म्यांत तें कठिण. तेथें सांचे भरल्यावर दहा-पंधरा मिनिटें फ्रिजमध्यें ठेवावे, पण तयार वड्या तेथें उघड्या सांठवूं नयेत. बाहेर काढतांच त्यांवर दंव धरतें, साखर विरघळून वर येते व वडी खरबरीत पांढरी पडते. ही बुरशी नव्हे, वडी खाण्यास हरकत नाहीं. पाहुण्यांपुढें ठेवण्याची शोभा तेवढी जाते.