‘अंग बाहेर येणे’ : एक झाकलेले दुखणे

नांदेड-लातूरकडील स्त्रिया ‘अंग बाहेर येते’ एवढेच, तेही मान खाली घालून, सांगतात. गर्भाशय व मूत्राशय यांना खालून झोळीसारखा आधार देणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात. सव्वा महिन्याची विश्रांती ही आपली रीत म्हणूनच शहाणपणाची; मात्र मजूर स्त्रीच्या वाट्याला ती क्वचितच येते. पंधरा लिटरची भरलेली घागर पंधरा किलोंहून जड असते, आणि २०१६ साली तर लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

अशा रुग्णांना आम्ही प्रथम अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला व्यायाम शिकवितो. लघवी रोखताना आवळले जाणारे स्नायू पाच अंक मोजेपर्यंत आवळावेत, तितकाच वेळ सैल सोडावेत. असे दहादा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. श्वास कोंडू नये. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. अंग पूर्ण बाहेर आले असल्यास मात्र एवढ्याने भागत नाही. रिंग किंवा शस्त्रक्रिया लागते.

‘पिशवीच काढून टाका’ असा आग्रह आम्ही वारंवार ऐकतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनाला चौकशी करावी लागली. पिशवी काढल्याने सैल झालेले स्नायू बळकट होत नाहीत.