पायरी चढताना वर्ग सुटू नये

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर माझी सगळी नोकरी झाली. उपशिक्षक म्हणून लागलो, केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. शिक्षकाच्या बढतीबद्दल तिथं जे उमजलं, ते असं:

१. पहिली तीन वर्षं जपा.
२००० पासून नवा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. प्राथमिकचं मानधन कितीतरी वर्षं ६,००० रुपये होतं; २०२३ पासून ते १६,००० झालं. याच काळात त्याला मुलांची वारली, कातकरी बोली कानात साठवायची असते. पोटाच्या काळजीत बोली शिकणं मागं पडतं.

२. नुसती वर्षं मोजू नका.
१२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी, तीही २० टक्क्यांनाच. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जगायला निघतात. तेव्हा ‘पोरीला शाळेसाठी ठेवून घ्या’ म्हणून आजीची समजूत काढत दारोदार फिरणाऱ्या बाई मी पाहिल्या. त्यांची वरिष्ठ श्रेणी बरोबरीच्या सगळ्यांसारखीच, सेवेची वर्षं भरल्यावर लागली. त्या फिरण्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

३. बढती वर्गातही मिळावी.
केंद्रप्रमुख झालो आणि माझी पहिलीची मुलं सुटली. हातात राहिले माहितीचे तक्ते. सिंगापूरने २००१ मध्ये शिक्षकांसाठी तीन वाटा केल्या: अध्यापन, प्रशासन आणि विषयतज्ज्ञ. तिथं अध्यापनाच्या वाटेनंही वरच्या पदाला पोचता येतं. आपलं २०२० चं शैक्षणिक धोरणही हेच सांगतं. अशी वाट तेव्हा असती, तर मी पहिलीचा वर्ग सोडला नसता.

४. टिकणाऱ्याचा मान करा.
आदिवासी भागात एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे लगतच्या वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, तिचा आधार मोठा. पण २०१७ च्या बदली धोरणात अवघड क्षेत्रात तीन वर्षं भरली की बदलीचा हक्क मिळाला. ज्याला घर आहे, म्हातारे आईबाप आहेत, त्यानं तो का वापरू नये? फक्त जो स्वखुशीनं राहतो, त्याला नव्या शिक्षकांचा मार्गदर्शक करा आणि त्या कामाचं पद द्या, पगार द्या.

५. त्यागाच्या भरवशावर राहू नका.
आमच्याच जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचलं. त्यांना वंदन. पण दर पाड्याला अनुताई मिळणार नाहीत. साध्या, प्रामाणिक माणसाला तिथं राहून मोठं होता येईल, अशी शिडी बांधणं हे सरकारचं काम आहे.