घर विकण्यापूर्वी : कोणता खर्च वसूल होतो, कोणता होत नाही

आपल्यापैकी बहुतेकांची आयुष्यातली सर्वात मोठी बचत बँकेत नसते, ती राहत्या घरात असते. म्हणून घर विकताना झालेली चूक फार महाग पडते. घर विकायचे ठरले, की नातेवाईक, शेजारी, रंगारी सगळेच सांगतात, "थोडा खर्च करा, भाव वाढेल." हा सल्ला अर्धाच खरा आहे. कोणत्या खर्चाने भाव वाढतो आणि कोणत्या खर्चाने फक्त खिसा रिकामा होतो, ते या पाठात पाहू.

एक उदाहरण

(आकडे केवळ हिशोब समजण्यासाठी घेतले आहेत.)

समजा, तुमचा वन रूम किचनचा फ्लॅट पंचवीस वर्षे जुना आहे. त्याच इमारतीतले, चांगल्या स्थितीतले असेच फ्लॅट ३० लाखांना विकले गेले आहेत. तुमच्या बाथरूममधले पाणी झिरपून खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. घर बघायला आलेला माणूस ती ओल पाहतो आणि २८ लाख सांगतो. प्लंबर व गवंडी मिळून ते काम ४० हजारांत करून देणार असतात. पण ग्राहकाला ते माहीत नसते. आत आणखी काय बिघडले असेल, या धास्तीपोटी तो २ लाख कमी करतो. अशा वेळी ४० हजारांची दुरुस्ती परवडते.

आता समजा, ओल तशीच ठेवून तुम्ही ३ लाखांचे मॉड्युलर किचन आणि पीओपीचे छत केले. कोणी ३३ लाख देईल का? बहुधा नाही. त्याच इमारतीत ३० लाखांना घर मिळत असताना तुमच्या आवडीसाठी दुसरा माणूस जास्त पैसे का मोजेल?

याला आणखी एक कारण आहे. बहुतेक ग्राहक कर्ज काढून घर घेतात. बँक आपला मूल्यांकनकार पाठवते आणि त्या मूल्यांकनाच्या आधारे कर्ज ठरवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के. मूल्यांकनापेक्षा जास्त मागितलेला प्रत्येक रुपया ग्राहकाला स्वतःच्या बचतीतून घालावा लागतो.

खर्चाचा क्रम

१. पाणी : गच्चीची गळती, बाथरूमच्या फरशांचे उघडे सांधे, ठिबकणारे नळ, गळणारी फ्लशची टाकी. गच्चीचे काम पावसाळ्याआधी उरकावे. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू नका. ओलीवरचा रंग पुन्हा फुगतो आणि ग्राहकाला लपवाछपवीचा संशय येतो.

२. वीज : जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी, नीट अर्थिंग, आणि गळणारा प्रवाह ओळखून वीज बंद करणारा आरसीसीबी. तुटकी बटणे बदला. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

३. दारे, खिडक्या, स्वच्छता : अडकणारे दार, गंजलेली कडी, फाटकी मच्छरजाळी. माळ्यावरची अडगळ काढली, की तेच घर मोठे दिसते.

४. रंग : सर्वात शेवटी. फिका, एकसारखा रंग पुरेसा आहे.

भिंत पाडणे, बाल्कनी आत घेणे अशी कामे सोसायटीच्या व पालिकेच्या परवानगीशिवाय करू नका. मंजूर नकाशाशी घर जुळले नाही, तर ग्राहकाची बँक कर्ज नाकारू शकते, आणि ठरलेला व्यवहार मोडतो.

पैसा कुठून आणावा?

घर वर्षभराने विकायचे असेल, तर आजच आवर्ती ठेव सुरू करा. दरमहा ४,००० रुपये, व्याजदर ६.५ टक्के धरला, तर वर्षाअखेर ४८,००० रुपये मुद्दल आणि सुमारे १,७०० रुपये व्याज हाती येते. याउलट ५०,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १,७०९ रुपये पडतो आणि व्याजापोटी सुमारे ११,५०० रुपये जातात. आजारपण व अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नका.

कामासाठी किमान तीन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक घ्या. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. काम पुढे सरकेल तसे पैसे द्या.

पावत्या जपून ठेवा

घर घेतल्यापासून दोन वर्षांहून अधिक काळाने विकले, तर त्यावरचा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. नवी खोली बांधण्यासारख्या भांडवली सुधारणांचा खर्च नफा काढताना वजा करता येतो; रंगकाम आणि नेहमीची किरकोळ दुरुस्ती वजा होत नाही. पुराव्यासाठी पक्के बिल घ्या आणि पैसे चेक, यूपीआय किंवा खात्यातून द्या. विक्रीच्या वेळी २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारू नका. त्याला कायद्याने मनाई आहे. नेमका कर किती, हे करसल्लागाराला विचारा.

लक्षात ठेवा

- आधी आपल्या इमारतीतला किंवा गल्लीतला चालू भाव विचारा. तीच तुमच्या खर्चाची मर्यादा.
- ग्राहकाच्या मनात शंका आणणारी गोष्ट आधी दुरुस्त करा. शोभेच्या गोष्टी नंतर, किंवा नकोच.
- दुरुस्तीने भाव वाढेलच अशी हमी नाही. म्हणून परत आले नाहीत तरी निभावेल एवढेच पैसे घाला.

स्वतः करून पाहा

एका सुटीच्या दिवशी दाराबाहेर उभे राहा आणि घर पहिल्यांदाच बघत असल्यासारखे आत या. प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक बटण दाबा, प्रत्येक खिडकी उघडा. वहीत तीन रकाने करा : दोष, दुरुस्तीचा खर्च, न केल्यास भावात होणारी घट. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल, तेच काम हाती घ्या.