आरोग्य सल्ला : तीन तारांचा पेसमेकर कोणाला मानवतो?

गेल्या महिन्यात एक शेतकरी गृहस्थ दवाखान्यात आले. हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आलेले, चार पायऱ्या चढल्या की धाप, संध्याकाळी पायावर सूज. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या साडूंना तीन तारांचा पेसमेकर बसवला. ते आता शेतापर्यंत चालत जातात. एकरभर जमीन विकतो, पण मलाही तोच बसवा." साडूंचा जुना ईसीजीही त्यांनी बरोबर आणला होता.

हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या दोन भिंती एकाच वेळी आकुंचन पावल्या, तरच रक्त जोराने पुढे जाते. काही रुग्णांत डाव्या बाजूला वीज नेणारी वाट बंद पडते. याला 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' म्हणतात. मग मधली भिंत आधी आवळते आणि बाहेरची मागाहून. गाडीचा एक बैल आधी ओढतो, दुसरा नंतर. गाडी चालणार कशी? हा पेसमेकर दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच वेळी वीज देऊन जोडी जुळवतो. तो ताल दुरुस्त करतो. मेलेला स्नायू जिवंत करीत नाही.

म्हणून ताल किती बिघडला आहे हे आधी पाहावे लागते आणि ते साध्या ईसीजीवर दिसते. कागदावरचा एक लहान चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. 'क्यूआरएस' हा उंच भाग एरवी तीन चौकोनांच्या आत असतो. लेफ्ट बंडल ब्लॉक असून ही रुंदी १५० मिलिसेकंद, म्हणजे पावणेचार चौकोन किंवा जास्त असेल, तर सर्वाधिक फायदा होतो. स्त्रियांना बहुधा अधिक होतो. रुंदी १३० पेक्षा कमी असलेल्या रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'एको-सीआरटी' अभ्यासात फायदा तर झाला नाहीच, उलट मृत्यू अधिक झाले.

हार्ट अॅटॅकचा मोठा व्रण असेल आणि तार नेमकी तिथेच आली, तर वीज नीट पसरत नाही. ठोके सतत अनियमित असतील, तर पेसमेकरला प्रत्येक ठोका साधता येत नाही. योग्य रुग्ण निवडूनही सुमारे तिघांत एकाला अपेक्षित गुण येत नाही.

साडूंचा क्यूआरएस चार चौकोनांचा होता. या गृहस्थांचा अडीच. शिवाय पूर्वी मोठा अॅटॅक येऊन गेलेला, आणि गोळ्या? "बरं वाटलं की बंद करतो."

मी म्हटले, "जमीन राहू द्या. आधी गोळ्या रोज घ्या, लोणचे-पापड सोडा, रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर त्याच दिवशी या."

वाचकहो, असा पेसमेकर सुचवला गेला, तर आपला ईसीजी डॉक्टरांपुढे ठेवून दोन गोष्टी विचारा : लेफ्ट बंडल ब्लॉक आहे का, आणि क्यूआरएस किती रुंद आहे? पेसमेकर बसवला तरी औषधे मात्र चालूच ठेवायची असतात.