वेल्डिंगच्या खुणा वाचायला शिका



चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेषा मारल्या की पैसे रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. पोलादी बांधकामाच्या ड्रॉइंगवरील छोट्या खुणांचेही तसेच आहे.

जाड प्लेटी जोडताना कडा तिरप्या कापून खाच करतात व ती वेल्डिंगने भरतात. हे ग्रूव्ह वेल्ड. ड्रॉइंगवर बाण, आडवी रेषा व रेषेला लागून खूण असते. ‘व्ही’सारखी खूण म्हणजे दोन्ही कडा तिरप्या कापाव्यात. एक उभी व एक तिरपी रेघ म्हणजे एकच कड; मोडका बाण जिच्याकडे वळतो ती. खुणेच्या तोंडाशी ६०° लिहिले तर तो खाचेचा कोन; खुणेच्या आतील आकडा म्हणजे प्लेटींमधील फट. बाण व रेषेच्या सांध्यावर झेंडा असेल, तर वेल्डिंग साइटवर करायचे.

खरी गफलत होते ती बाजूची. अमेरिकन पद्धतीत रेषेखालील खूण बाणाकडील बाजूची, वरील खूण पलीकडची. जोडीला तुटक रेषा दिसली तर पद्धत निराळी. तेथे तुटक रेषेवरील खूण पलीकडची. म्हणून आधी पद्धत पाहावी, मग खूण. बाजू चुकली तर प्लेट वाया जाते, किंवा सांधा मुळाशी कच्चा राहतो आणि वरून दिसतही नाही.

२०२४ साली खुल्या झालेल्या अटल सेतूच्या पोलादी गाळ्यांतही वेल्डिंगचेच सांधे आहेत. देवरूखहून मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांनी हात बसवावाच. पण ही लिपीही शिकावी. हेल्परला पुढे नेणारी वाट तीच आहे.