व्यसनमुक्तीच्या वाटेवर नर्सिंगमधली पुढची पायरी: शिरूर-दौंडच्या सिस्टरांसाठी खर्च, कागद आणि वेळ

दारूचं, झोपेच्या गोळ्यांचं किंवा वॉर्डातल्या इंजेक्शनचं व्यसन जडलं. आता उपचार सुरू आहेत किंवा घ्यायचे आहेत. पुढे शिकायचंही आहे, पण नोंदणी जाईल ही धास्ती आहे. आधी हे पक्कं करा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेला मानसिक विकार हा आजार आहे. उपचार घेणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. नोंदणी धोक्यात येते ती नशेत ड्युटी केल्याने, रुग्णाचं औषध स्वतःकडे वळवल्याने आणि रजिस्टरमध्ये खोटी नोंद केल्याने. म्हणून उपचार आधी, प्रवेशाचा अर्ज नंतर.

उपचार कुठे, किती पैशांत

शिरूरचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून इथे केसपेपरसह उपचार मोफत आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिथे शुल्क लागतं. तुम्ही नोकरी करता त्याच रुग्णालयात केसपेपर काढू नका. तालुक्याच्या गावात सगळे ओळखीचे असतात, औंध किंवा येरवडा गाठा.

निवासी उपचारांसाठी येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून सुरू आहे. तिथला कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे आणि स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. शिरूरहून येताना येरवडा नगर रस्त्यावर वाटेतच लागतं. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. दौंडहून रेल्वेने पुणे स्टेशन गाठा आणि तिथून शहर बसने येरवडा. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन आहे, दोन्ही मोफत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते.

खासगी केंद्र निवडत असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र दाखवायला सांगा. नोंदणीशिवाय केंद्र चालवता येत नाही. मग दर लेखी घ्या: अनामत, औषधं, रक्ताच्या तपासण्या, समुपदेशन, नातेवाइकांची भेट, मुदतीआधी घरी गेल्यास किती रक्कम परत. ‘सगळं धरून’ एवढ्यावर पैसे भरू नका. रात्री गाडी पाठवून उचलून नेणाऱ्यांना घरच्यांनी बोलावू नये. स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णाला स्वतःच्या मागणीवर घरी जाता येतं. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं.

रजा आणि बुडणारा पगार

सरकारी नोकरीत कायम असाल तर वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलते, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. ३५ दिवसांसाठी ७० दिवस शिल्लक हवेत, म्हणजे साडेतीन वर्षांची जमा. कंत्राटी असाल तर करारनाम्यातलं रजेचं कलम अर्जाआधी वाचा.

खासगी रुग्णालयात पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ०.७५ टक्के ईएसआय कापला जात असेल, तर आजारपणाचा लाभ तपासा. वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. अट अशी की संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि दाखला ईएसआयच्या डॉक्टरांचा हवा. पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत. पगार १८,००० असेल तर ३५ दिवसांचे ढोबळमानाने १३,८६० रुपये होतात.

रजेच्या दाखल्यावर निदान किती आणि कोणत्या शब्दांत लिहायचं, हे आधी डॉक्टरांशी बोला. तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे, अपवाद कायद्यात ठरलेले आहेत.

मेडिक्लेमवर विसंबू नका

बहुतेक पॉलिसींत ‘एक्सक्लूजन १२’ असतं: दारू, अमली पदार्थ, व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचे उपचार वगळलेले. त्याच वेळी मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच विमा संरक्षण द्यावं, असं कायदा सांगतो. सोबत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी होकारावर दाखल होऊ नका.

परत ड्युटीवर

फिटनेस दाखला घेऊनच रुजू व्हा. पहिले काही महिने नाईट, आयसीयू आणि औषधांच्या कपाटाची चावी नको, अशी लेखी विनंती मेट्रनकडे द्या. कारण ‘वैद्यकीय सल्ला’ एवढंच पुरे. त्याला जोडायला डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

डायसल्फिरॅम सुरू असेल तर अल्कोहोलच्या हँडरबऐवजी साबण-पाणी वापरा, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. नॅलट्रेक्सोन सुरू असेल तर मॉर्फिन, ट्रामाडोलसारखी वेदनाशामकं चालत नाहीत. अपघात झाला तर कळावं म्हणून तशी नोंद पाकिटात ठेवा.

औषध वळवल्याचा प्रश्न आधीच उभा असेल तर कुठल्याही कबुलीवर सही करण्यापूर्वी वकील गाठा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. शिरूर किंवा दौंड न्यायालयातली तालुका विधी सेवा समिती किंवा १५१०० हा क्रमांक. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ अ लक्षात ठेवा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात, सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.

नोंदणी आणि शिक्षण

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी सीएनईची क्रेडिट लागतात. उपचारांच्या काळात मुदत संपत असेल तर अर्ज आधी भरा. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, आधार, फोटो, सीएनई प्रमाणपत्रं आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा एका फायलीत ठेवा. शुल्क परिषदेच्याच पोर्टलवर भरा आणि पावती उतरवून घ्या. ‘मुंबईत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला मूळ प्रमाणपत्र कधीही देऊ नका.

जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नियमित शिकलात तर दोन वर्षं. नोकरी सांभाळून इग्नूतून किमान तीन वर्षं आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा. पुढे एम.एस्सी. दोन वर्षं. कॉलेजला फी विचारताना वसतिगृह, गणवेश, क्लिनिकल पोस्टिंगचा प्रवास आणि विद्यापीठ परीक्षा शुल्क वेगळं धरा. शिकायला गेल्यावर जाणारा पगार हाही खर्चच, तोही मांडा.

औषध लिहून देण्याचा ‘परवाना’

इथे सर्वाधिक फसवणूक होऊ शकते. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर औषधं लिहून देतात. आपल्याकडे नर्सला स्वतंत्रपणे प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा असा सर्वसाधारण परवाना नाही. काही महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून तो मिळेल असं कोणी सांगत असेल तर पैसे भरू नका.

खऱ्या वाटा तीन. एक, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर: दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम. काम आयसीयूत आणि ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार. व्यसन इंजेक्शनचं होतं तर ही वाट लगेच धरू नका. दोन, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी: १८ महिने. तीन, समुदाय आरोग्य अधिकारी: बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांसाठी उपकेंद्रावरचं कंत्राटी पद, दरमहा २५,००० रुपये मानधन आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत. इथे ठरावीक औषधं ठरलेल्या चौकटीत देता येतात, नाईट नसते. मात्र औषधांचा साठा तुमच्याच ताब्यात असतो. समुपदेशकाशी बोलूनच अर्ज करा.

या आठवड्यात करायचं

हेल्पलाइनला फोन करा. शिल्लक रजा किंवा ईएसआयची वर्गणी तपासा. नोंदणीची मुदत पाहा. विमा पॉलिसीतली वगळलेल्या उपचारांची यादी वाचा. प्रवेशाचं वेळापत्रक उपचारांच्या तारखा ठरल्यावरच हातात घ्या. कॉलेजची जागा पुढच्या वर्षीही असेल, त्यासाठी यंदाचे उपचार पुढे ढकलू नका.