२ जून : एका दिवसाची नोंद

हवामानाच्या इतिहासात काही तारखा कायमच्या कोरल्या जातात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ती तारीख मुंबईकर विसरलेले नाहीत. बंगळूरच्या दप्तरी अशी नोंद २ जूनची आहे.

रविवार, २ जून २०२४ रोजी या शहरात १११.१ मिलिमीटर पाऊस पडला. जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा जुना उच्चांक १०१.६ मिलिमीटर होता; तो १६ जून १८९१ चा. तब्बल १३३ वर्षांनी तो मोडला. अनेक झाडे उन्मळून पडली, रस्ते जलमय झाले.

मुंबईच्या तुलनेत हा आकडा लहान वाटेल. पण त्याच वर्षी मार्चमध्ये हे शहर टँकरच्या रांगेत उभे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. कूपनलिका आटल्या होत्या. कावेरीचे पाणी तर सुमारे १०० किलोमीटरवरून, पंपांनी उंचावर चढवून आणावे लागते.

आता थोडा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर त्या एका दिवसात सुमारे १०,००० लिटर पाणी पडले. ज्यांच्या घरी पर्जन्यजल साठवण्याची वा जिरवण्याची सोय होती, त्यांनी त्यातील बराच भाग राखला. इतरांचे पाणी गटारात गेले.

अवचित हाती आलेले धन शिलकीत टाकावे, हे आपण जाणतोच. पावसालाही तोच नियम लागू आहे.